पहिल्या नंबरची डुकरीण

संध्याकाळी डुकरिणीला फिरायला नेणाऱ्या माणसाच्या वाट्याला दोन प्रश्न येतात. एक लोक त्याला विचारतात, "काय, कुठवर आज?" आणि दुसरा तो चार पावलं पुढे गेल्यावर एकमेकांना, "यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?" डुकरीण सावकाश चालायची, त्यामुळे मला दोन्ही ऐकू यायचे. माझे कान अजून शाबूत आहेत. अब्रूबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

हे सगळं ताईच्या गुडघ्यांमुळे झालं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वस्तीच्या टोकाला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तिचं बसकं घर आहे आणि घरामागे डुकरांचा गोठा. डुकरांच्या जागेला गोठा म्हणत नाहीत, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं, पण ताईपुढे शब्दकोशाचं काही चालत नाही. मेहुणे गेल्यापासून ती या गोठ्यावर जगते. नुसती पोटापुरती नव्हे. सकाळी उठायला माणसाला काहीतरी कारण लागतं, तिचं कारण घरामागे घुर्र घुर्र करत असतं.

दोन्ही गुडघे बदलायचे ठरले. आधी एक, मग दुसरा, आणि तोवर मुक्काम मुलाकडे, शहरातल्या चौथ्या मजल्यावर. माझा भाचा गुणी आहे. त्याने आईसाठी खोली रंगवून घेतली, पलंगाला कठडे लावून घेतले आणि दवाखान्याच्या जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, आईला आता एकटी तिकडे ठेवायचं माझ्या जिवावर येतं. थोरली डुकरीणही थकली, तिला आता व्यापाऱ्याकडे धाडावं लागेल. तिच्या जागी नवी उभी राहिली, तिला पिल्लं झाली, तर आई खुशाल परत जाऊ दे. पण रिकाम्या गोठ्याची राखण करायला मी तिला सोडणार नाही."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी प्रयत्न करून पाहिला.

थोरल्या डुकरिणीच्या शेवटच्या वेतातल्या पाच माद्या गोठ्यात वाढत होत्या. ताईला आत नेत होते तेव्हा ती चाकांच्या पलंगावरून म्हणाली, "पाचांतली एक वंशाला ठेव, बाकीच्या व्यापाऱ्याला दे. मला परत यायचंय रे."

ते "रे" घेऊन मी घरी आलो.

आता निवड करणं म्हणजे माझा हातचा मळ. मी परीक्षा मंडळात उभी हयात काढली आहे. पाचांतून एक निवडायची, यात घाबरण्यासारखं काय होतं? शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना विचारलं, तर ते खुर्चीतून अर्धे उठलेच. "निवड म्हटली की निकष आला," ते म्हणाले. "आणि निकष मोजता आला पाहिजे. डुकराचं काय मोजता येतं?"

"वजन," मी म्हणालो.

"झालं तर मग. जी सगळ्यांत जास्त वाढेल, ती सगळ्यांत लायक."

इतकं स्वच्छ, इतकं न्याय्य आणि इतकं चुकीचं वाक्य माझ्या कानावर बऱ्याच वर्षांत पडलं नव्हतं. पण तेव्हा मला त्यातले पहिले दोनच गुण दिसले.

भंगारवाल्याकडून आम्ही तराजू आणला. डुक्कर वजनाला उभं करणं हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. डुक्कर तराजूवर चढत नाही, चढलं तर थांबत नाही आणि थांबलं तर त्याच्याबरोबर हेडमास्तरांचा एक पाय तराजूवर असतो. पहिल्या दिवशीचे सगळे आकडे या पायासकट निघाले. हेडमास्तर म्हणाले, पाय पाचही वेळा तोच होता, त्यामुळे कोणावर अन्याय झालेला नाही.

दर आठवड्याला वजनं होत राहिली आणि लवकरच निकाल स्पष्ट झाला. एक मादी बाकीच्या चौघींना मागे टाकून अशी वाढत सुटली, की सकाळी पाहिलेली संध्याकाळी ओळखू येईना. लांब, रुंद, गुलाबी, भिंतीला टेकली तर भिंत विचारात पडावी अशी. आम्ही तिचं नाव सुवर्णपदक ठेवलं. सर्वांत शेवटची होती ती पासापुरती. ती तशी नीटस होती, शांतही होती, पण तराजूवर तिच्या शांतपणाचं काहीच उमटत नव्हतं.

हुशार मुलीकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. आम्ही सुवर्णपदकाला वेगळी जागा दिली, दुप्पट खुराक दिला, हेडमास्तर तर रोज तिच्यासाठी घरचे उकडलेले बटाटे आणत. "पाया पक्का झाला पाहिजे," ते म्हणत. मधल्या तिघी व्यापारी घेऊन गेला. पासापुरतीकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. शेवटी औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे औषधवालेच म्हणतात, ते तिला फुकट न्यायला तयार झाले. "आमच्या परसात भाजीचे देठ फार साचतात," ते म्हणाले, "संपवायला कोणीतरी हवंच." मला एखाद्या नापास मुलाला ओळखीने चिकटवून दिल्यासारखं समाधान वाटलं.

ताईचा फोन यायचा तो गच्चीतून, दबक्या आवाजात. "निवडलीस?"

"निवडली म्हणजे काय, नुसती पाहून घे! पहिल्या नंबरची आहे."

"बरं बरं. इथं सगळं छान आहे हो. खिडकीतून समोरची खिडकी दिसते. काल त्या खिडकीतल्या बाईने पडदा बदलला." मग आवाज आणखी खाली आला. "ती माजावर आली का?"

नाही आली. वय झालं होतं, अंग तर केव्हाच झालं होतं, पण सुवर्णपदकाला नराची आठवण व्हावी असं एकही लक्षण दिसेना. ती खायची, झोपायची आणि झोपेतही थोडी वाढायची. सल्ल्यांची मात्र सुगी आली. औषधवाल्यांनी टॉनिक दिलं. हेडमास्तर म्हणाले, काही मुलींना उशिरा समज येते. भंगारवाला तराजू परत न्यायला आला तेव्हा जाता जाता म्हणाला, "हिला एकटं ठेवलंत म्हणून. माणसाला माणूस लागतं." बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवा." मी तो सल्ला सर्वांत शेवटी मानला. घरातला सल्ला त्याच क्रमाने मानायची आमच्याकडे पद्धत आहे.

पशुधन कार्यालयातल्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी सुवर्णपदकाच्या पाठीला कसलंसं यंत्र लावलं, चरबी मोजली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, ही कशाला ठेवलीय?"

"वंशासाठी."

"मग खाटकासाठी का पोसलीत?"

मी त्यांना निवडीची पद्धत समजावून सांगितली. निकष, साप्ताहिक वजनं, पारदर्शकता. पायाचा उल्लेख टाळला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, वाढ हा एक विषय आहे आणि वंश हा दुसरा. गणितात पहिली आली म्हणून तुम्ही मुलीला गाण्याचं बक्षीस देऊन मोकळे झालात. झरझर वाढणारी मादी वाईट नसते, पण तिचं शरीर वाढण्यातच गुंतलेलं असतं. त्यात तुम्ही वरून चरबी चढवलीत. वंशाला मधली बरी. फार रोड नको, फार लठ्ठ नको. पाय मजबूत, आचळं सारखी, स्वभाव गरीब."

"पण मधल्या तिघी तर गेल्या."

"मग आता हिलाच माणसात... आपलं, डुकरात आणा." त्यांनी बोटांवर मोजून तीन गोष्टी सांगितल्या. खुराक निम्मा करा. रोज चालवा. आणि रोज नराचं तोंड दाखवा, नुसतं कुंपणाआडून. त्याचा वास आला, की कधी कधी माद्यांना जाग येते.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुमच्या डॉक्टरांनीही तुम्हाला हेच सांगितलंय. कमी खा आणि रोज चाला. तिसरी गोष्ट तेवढी नाही सांगितली."

अशा रीतीने आमची संध्याकाळची रपेट सुरू झाली. बायकोने दोघांचं पथ्य एकाच पातेल्यात मोजायला घेतलं, असा माझा आजही संशय आहे. पुढे सुवर्णपदक, मागे मी, हातात एक फळी. डुक्कर दोरीने ओढलं जात नाही, फळीने वळवावं लागतं, आणि फळी हातात घेऊन डुकरिणीच्या मागे चालणाऱ्या माणसाला कितीही ताठ चाललं तरी रुबाब येत नाही. हेडमास्तर पहिल्या दिवशी बरोबर आले. दुसऱ्या दिवशी त्यांना एक जुना विद्यार्थी भेटला. तिसऱ्या दिवसापासून त्यांची पाठ धरली.

नर होता बेकरीवाल्याकडे. शिळे पाव खाऊन तो असा काही तुकतुकीत झाला होता, की बघत राहावं. खातो, लोळतो आणि कामाचं नाव काढलं की सगळ्यांनी हांजी हांजी करायची, म्हणून लोक त्याला जावईबापू म्हणत. आम्ही रोज त्याच्या कुंपणापाशी थांबायचो. जावईबापू नाक बाहेर काढून घुरघुरायचे. सुवर्णपदक बेकरीच्या दाराकडे बघायची. तिला वास येत होता, पण पावाचा.

"पाहुणे आवडले का?" बेकरीवाला विचारायचा.

"बघू," मी म्हणायचो. मुलीकडच्यांनी एवढं तरी बोलावंच लागतं.

"आवडले तरी आत घेता यायचं नाही हं. पास लागतो कार्यालयाचा. साथीच्या वेळेपासून नियम आहे."

म्हणून मी पशुधन कार्यालयात गेलो. तिथले हेडक्लार्क टेबलावर पाण्याचा पेला झाकून बसले होते. त्यांनी नोंद काढली.

"तुमची डुकरीण मांसासाठी नोंदलेली आहे."

"पाचही तशाच नोंदल्या होत्या. आता बदलायचंय."

"डुकरीण?"

"उद्देश."

"उद्देश बदलायला प्रजननक्षमतेचा पुरावा लागतो."

"म्हणजे काय?"

"पिल्लं."

"अहो, पिल्लं व्हावीत म्हणूनच तर पास हवाय."

"पिल्लं झाली की या. लगेच देतो पास," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठेही चेष्टा नव्हती. मला संताप यायला हवा होता, पण क्षणभर व्यावसायिक कौतुकच वाटलं. आमच्या मंडळातसुद्धा इतकं निर्दोष वर्तुळ कोणाला काढता येत नव्हतं.

आतून डॉक्टरीणबाई आल्या आणि नियमाचं दुसरं कलम दाखवलं. मादी माजावर आल्याचं कार्यालयाने स्वतः पाहिलं, तरी चालतं. हेडक्लार्कांनी कलम दोनदा वाचलं आणि नाइलाजाने मान हलवली. "चालेल. पण माज कार्यालयीन वेळेत असला पाहिजे. आणि कार्यालयात."

त्यानंतरचे दिवस मी मोजले नाहीत, चालून काढले. सुवर्णपदकाची चरबी उतरली, माझी विजार सैल झाली. भाच्याचा फोन आला, की गोठ्याच्या जागेबद्दल एकजण विचारत होता. ताईचा फोन आला, की समोरच्या बाईने पुन्हा पडदा बदलला. एरवी घरभर ऐकू जाईल असं बोलणारी ताई इतक्या हळू आवाजात बोलायला लागली होती, की मला फोन दुसऱ्या कानाला लावून पाहावा लागे.

आणि एके दिवशी दुपारी बायको गोठ्यातून हाक मारत आली. "अहो, ही बघा कशी उभी राहिलीय!"

सुवर्णपदक कान ताठ करून, चारही पाय रोवून उभी होती. खुराकाकडे पाहीना. पाठीवर हात टेकला तर जास्तच घट्ट उभी राहिली. आम्हाला कळायचं ते कळलं. कार्यालय बंद व्हायला अजून अवकाश होता. मी फळी घेतली, बायकोने पदर खोचला आणि आम्ही निघालो. बेकरीपाशी जावईबापूंनी नाक काढलं आणि आज, सगळ्या रपेटींमध्ये पहिल्यांदा, सुवर्णपदकाने पावाकडे पाठ केली. तिला तिथून काढून कार्यालयापर्यंत नेताना आम्हा उभयतांची जी अवस्था झाली, ती सांगण्यासारखी नाही, आणि ज्यांनी पाहिली त्यांना सांगायची गरज नाही.

कार्यालयाला दार एकच. दाराला एक पायरी. सुवर्णपदकाने पुढचे दोन पाय आत टाकले, मागचे बाहेर ठेवले आणि थांबली. दार तिच्या मापाचंच निघालं. आत हेडक्लार्क, दोन कारकून आणि शिपाई. बाहेर आम्ही.

"आत घ्या नाहीतर बाहेर घ्या!" हेडक्लार्क ओरडले.

"आम्ही काही धरून ठेवलेली नाही!" बायको बाहेरून ओरडली.

शिपायाने तिला मागे ढकललं. एका कारकुनाने तिच्या पाठीवर दोन्ही हात रोवून जोर लावला. ती तसूभर हलली नाही. दुसराही येऊन पाठीवर ओणवा झाला. ती आणखी घट्ट झाली, डोळे अर्धवट मिटून, तंद्रीत. शेवटी खुद्द हेडक्लार्क उठले, बाह्या सारल्या आणि तिच्या पाठीवर असे रेलले, की लांबून पाहणाऱ्याला त्यांनी तिला मिठी मारली असंच वाटावं. सुटायची वेळ टळून गेली. बाहेर माणसं जमली. कोणीतरी विचारलं, "ही आंदोलनाला बसलीय का?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई फेरीवरून परत आल्या. पाहतात तो हे दृश्य. "अहो, पाठीवर दाबू नका!" त्या हसू आवरत म्हणाल्या. "माजावरची डुकरीण पाठीवर भार आला की जागच्या जागी थिजते. हीच तर खूण आहे. साहेब, तपासणी तुम्ही स्वतःच केलीत की!"

हेडक्लार्क हळूच सरळ झाले. त्यांच्या शर्टावर सुवर्णपदकाचा ठसा उमटला होता. "तपासणी मान्य," ते म्हणाले. "पण कार्यालयात व्हायला हवी. ही दारात आहे."

"पुढचे पाय आत आहेत," मी म्हणालो.

"मागचे बाहेर आहेत. आणि या बाबतीत महत्त्वाचे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"साहेब, शिक्का मारा," शिपाई कळवळून म्हणाला. "घरी पाहुणे यायचेत."

शिक्का बसला. पास तिच्या पाठीवरून माझ्या हातात आला. पण ती हलणार कशी? बेकरीवाला गर्दीत होताच. तो धावत गेला आणि जावईबापूंना रस्त्याने मिरवत घेऊन आला. त्यांचा वास येताच सुवर्णपदक दारातून अशी मागे फिरली, की चौकटीचा एक तुकडा तिच्याबरोबर गेला.

"त्या नराचा पास?" एका कारकुनाने कर्तव्यबुद्धीने विचारलं.

हेडक्लार्क पिशवी उचलत म्हणाले, "तो रस्त्यावर आहे. रस्ता आपल्याकडे येत नाही."

सुवर्णपदक गाभण राहिली. मी ताईला कळवलं. पलीकडून एकदम जुन्या, घरभर ऐकू जाणाऱ्या आवाजात ती म्हणाली, "तिला भरपूर पाणी ठेव!" आणि मागून भाचा "आई, हळू, शेजारी झोपलेत" म्हणताना ऐकू आला.

पावणेचार महिने मी पुन्हा माणसात होतो. हेडमास्तरांची पाठ बरी झाली. ते गोठ्याच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आमची निवड आहे." ती व्यायली त्या सकाळी आम्ही सगळे टॉवेल घेऊन उभे होतो. एक पिल्लू झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. मग आम्ही थांबलो. मग बराच वेळ थांबलो. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं."

"तीनच?"

"तीनच. भीती होतीच मला."

"पण काय तीन आहेत!" हेडमास्तर म्हणाले. "आकार पाहा! संख्या कमी, पण दर्जा..."

"पोटात गर्दी नसली की मोठी होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात दर्जाचं काही नाही."

मी पायरीवर बसलो. तीन पिल्लांना भाचा काय म्हणेल, ते मला इथून ऐकू येत होतं. आणि ताई पुढच्याच आठवड्यात घराचा निकाल लावायला त्याच्याबरोबर येणार होती. बायकोने आपण होऊन माझ्यापुढे दोन लाडू आणून ठेवले. तिने पथ्य मोडलं की समजावं, परिस्थिती गंभीर आहे.

दोन दिवसांनी औषधवाले धापा टाकत आले. त्यांचं परस बेकरीच्या मागे लागून आहे आणि कुंपणाला एक भोक आहे. त्या भोकातून मधल्या काळात जावईबापू येऊन गेले होते. पास नाही, तपासणी नाही, काही नाही. "पासापुरती व्यायली!" ते म्हणाले. "चौदा!"

त्या आकड्याने माझ्या थोबाडीत मारल्यासारखं झालं. हेडमास्तर आकाशाकडे बघू लागले.

"अभिनंदन," मी म्हणालो. कसंबसं.

"अहो, अभिनंदन कसलं? चौदा पिल्लं आणि आचळं बारा! त्यातली मागची दोन नावालाच. ती जीव तोडून पाजते, पण चण बारीक, पुरणार कुठून? निम्मी उपाशी ओरडतात. बायको म्हणते, आज काहीतरी करा, नाहीतर तुम्हीही गोठ्यात राहायला जा. तुमच्याकडे दूध आहे का?"

दूध! सुवर्णपदकाकडे दुधाशिवाय दुसरं होतं काय? तीन पिल्लं पिऊन पिऊन गुंगत होती आणि ती पसरून पडली होती, एखादी पाणपोई उघडावी आणि त्या रस्त्याला कोणी येऊच नये तशी. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, लगेच आणा, पण सगळ्यांना एकच वास लावा, नाहीतर ती परकी म्हणून झटकेल. औषधवाल्यांनी दुकानातला सर्वांत उग्र वास आणला. तो सांधेदुखीचा मलम होता. आम्ही सात पाहुणे, तीन घरचे आणि धरपकडीत एकमेकांना मनसोक्त मलम चोळला. पिल्लांची पोटं तेवढी सोडली. सुवर्णपदकाने एकेक हुंगलं, दोन शिंका दिल्या आणि कूस वळवून सगळी आचळं मोकळी केली. चुपचुप असा आवाज सुरू झाला. औषधवाल्यांनी चष्मा काढून पुसला. मलमाचा वास डोळ्यांत गेला असणार. माझ्याही गेला.

ताई आली ती काठी टेकत, पण स्वतःच्या पायांवर. भाच्याने गाडीतून रिकामी खोकी उतरवली, सामान भरायची. गोठ्याजवळ येताच तो थबकला. "इथं कोणाचा पाय मुरगळलाय?" मग आत वाकून त्याने पिल्लं मोजली. "दहा! मामा, कमाल केलीस की तू! मी तर खोकी आणली होती."

आता नुसतं हसून मान हलवली असती तरी भागलं असतं. हेडमास्तर मागून मला तेच सुचवत होते, कोपराने. पण दुसऱ्याच्या पेपरातले गुण आपल्या मुलीच्या नावावर चढवायचे, हे माझ्याच्याने होईना. ताईच्या घराचा प्रश्न होता, तरी होईना. "तीन हिची आहेत," मी म्हणालो. "सात औषधवाल्यांकडची. तिच्या बारक्या बहिणीची."

भाचा सरळ उभा राहिला. "म्हणजे पिल्लं तीनच झाली."

"पाजते दहांना," बायको म्हणाली. "अरे, पोसते ती आईच ना? का तुझी अट नुसती बाळंतपणाची होती?"

"मामी, तसं नाही गं. पण तीन म्हणजे... पुढच्या वेळी काय?"

डॉक्टरीणबाई पिल्लं बघायला आल्याच होत्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. "पुढच्या वेळी चार होतील, पाच होतील. फार अपेक्षा नको. पण दूध उदंड आहे आणि स्वभाव चांगला निघाला. औषधवाल्यांची बारकी इकडे आणून ठेवलीत, तर एक व्यायला आणि एक पाजायला. गोठा चालेल."

"आजच आणतो!" औषधवाले म्हणाले.

भाचा उत्तर द्यायला आईकडे वळला, तर ताई जागेवर नव्हती. काठी भिंतीला टेकवलेली होती. ती गोठ्यात उलट्या बादलीवर बसली होती, नवे गुडघे पसरून, मांडीवर सर्वांत बारकं पिल्लू, आणि सुवर्णपदकाला सांगत होती, की त्या समोरच्या खिडकीतल्या बाईने एकूण चार पडदे बदलले, एकही धड नव्हता. मोठ्या आवाजात सांगत होती.

भाच्याने एक खोकं पायाने गाडीकडे सरकवलं.

"आई," तो म्हणाला, "मग तू येणारच नाहीस का आमच्याकडे?"

"येईन की. पिल्लं दुधावरून तुटली की येईन."

"राहायला?"

"राहायलाच तर. पिल्लं तुटली की चार-पाच दिवसांनी डुकरीण परत माजावर येते. तेवढ्यात मी मोकळीच असते."

"चार-पाच दिवस." त्याने मान खाली घातली. "खोली रंगवली होती गं मी."

डॉक्टरीणबाई बुटाने चिखल उकरत होत्या. मग त्या घसा साफ करून म्हणाल्या, "तसं... ही वाढीची मादी आहे. त्यात पहिलंच वेत, आणि दहा तोंडं ओढतायत. असल्यांना परत माजावर यायला वेळ लागतो, आणि हिच्याआधी बारकीला नराकडे न्यायचं कारण नाही. तीन आठवडे धरा. महिनाही लागेल."

भाच्याने मान वर केली. मग तो बुटांसकट गोठ्यात शिरला, सुवर्णपदकापाशी उकिडवा बसला आणि भीत भीत तिच्या कानामागे खाजवलं.

"मामा," तो म्हणाला, "निवड चांगली केलीस."